पाठ करून चाला

९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशीलच. तुला कधी काही होत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

तू सारखे फोन करतेस आणि ताई उचलत नाही, अशी तक्रार चिरंजीवांकडे केलीस म्हणे. उचलणार नाही. सबंध नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आधी दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, आणि सुपरवायझर झाल्यावर मुलींच्या रांगेमागून फिरत कोण कुठे चुकतंय ते ऐकायचं. माझ्या कानांनी त्यांच्या वाट्याचं काम केव्हाच संपवलं. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला गप्प बसावं लागतं.

तर ऑपरेशन झालं. डाव्या खुब्याचा झिजलेला सांधा काढून तिथे धातूचा नवा बसवला. हाडांचे डॉक्टर स्वतःवर इतके खूश होते, की मला वाटलं आता हे आरशासमोर जाऊन स्वतःलाच हार घालतील. "आजी, आता तुम्ही सोळा वर्षांच्या मुलीसारख्या चालणार!" असं म्हणाले. मी सोळा वर्षांची असताना शाळेतल्या मदर आपल्याला डोक्यावर पुस्तक ठेवून वऱ्हांड्यातून चालायला लावायच्या, आठवतं? पुस्तक पडलं की पुन्हा दारापासून सुरुवात. सोळाव्या वर्षी मुलगी कशी चालते हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि मी त्याची आजी कधीपासून झाले?

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. शेजारीण फळं घेऊन आली आणि ती स्वतःच सोलून खाऊन गेली. जाताना म्हणाली, "आता काय, पळा!" मी आयुष्यात बस पकडायलासुद्धा पळले नाही, आता काय म्हणून पळू? एक्स्चेंजमधली एक जुनी मुलगी, आता तीही आजी, आली आणि रडली. "बाई, तुमची चाल लांबून ऐकू यायची. एक पाऊल जड, एक हलकं. आम्ही गप्पा थांबवून सरळ बसायचो." म्हणजे माझ्या धाकाने बसत नव्हत्या, माझ्या खुब्याच्या धाकाने बसत होत्या. चांगला सन्मान.

रोज एक फिजिओची मुलगी घरी येते. मी पाऊल टाकलं की टाळी वाजवते. पाऊल, टाळी. पाऊल, टाळी. मी तिचं नाव टाळीबाई ठेवलंय. काठी उजव्या हातात धरायची, हे तिने मला मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं. डावा खुबा दुखतो तर काठी उजवीकडे. एवढं एक तरी शहाणपणाचं बोलली.

आता तुझ्या मुद्द्याला येते, नाहीतर तू पत्र संपेपर्यंत तोंड वाकडं करून बसशील. होय, सूनबाईंच्या बुटांची गोष्ट खरी आहे. मी हॉस्पिटलमध्ये असताना ह्यांच्या सोबतीला ती इथे राहायला आली होती. तिने आपले नवे, घोट्यापर्यंतचे बूट दारात काढून ठेवले. सकाळी बघते तर बुटांचे तुकडे. ह्यांनी रात्रीतून टाके उसवून तळ वेगळे, वरचं कातडं वेगळं, अस्तर वेगळं, असं सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. ती किंचाळल्यावर म्हणाले, "बाई, ही शिवण नाही, फसवणूक आहे. आठवड्याने या, नीट करून ठेवतो." अंगठा थोडा कापला होता, त्याचं कुणाला काही नाही; बूट परदेशी होते ना.

ह्यांचं विसरणं वाढलंय, हे मला तुझ्या आधी माहीत आहे. मुलगा काय करतो ते त्यालाच विचारतात. जोड्यांचं दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, तरी सकाळी "किल्ली कुठे?" म्हणतात. पण हात विसरलेले नाहीत. चिरंजीवांनी येऊन आरी, कातडं कापायची रापी, हातोडी, सगळी हत्यारं मागच्या खोलीतल्या कपाटात कोंडली आणि किल्ली माझ्या हातात देऊन मला दम दिला. "आई, बाबांच्या हातात पुन्हा हत्यार दिसलं, तर मी त्यांना इथे ठेवणार नाही. तू एका पायावर त्यांना सांभाळणार आहेस का?" मी त्याला दोन पायांवर सांभाळलं, त्याचं काय झालं ते समोर दिसतंच आहे.

आणि लगोलग तुझं ते वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक आलं. जाड, चकचकीत कागद. हिरवळीवर खुर्च्या, खुर्च्यांत म्हातारी माणसं, सगळी एकाच दिशेला बघून हसताहेत. कुणी सांगितलं असेल त्यांना, "हसा"? पत्रक ठेवून दिलंय. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन.

हे बरे आहेत.

तुझी,
अजून काठीवर असलेली ताई


३ एप्रिल

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. उत्तर उशिरा देते आहे, कारण माझ्या पायावर सध्या चर्चासत्र चालू आहे आणि मला त्यात हजर राहावं लागतं.

काठी सुटली. जखम भरली. नव्या एक्स-रेमध्ये सांधा असा बसलाय की डॉक्टरांनी तो भिंतीवर लावायला मागितला. डावा पाय झिजून आखूड झाला होता, तो त्यांनी उजव्याबरोबर आणून ठेवला. मला आडवं झोपवून टेप लावून मोजला. दोन्ही सारखे. फिजिओच्या दवाखान्यात बूट दाराशी काढायचे आणि फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवरून अनवाणी चालायचं. तिथे मी अशी चालते की टाळीबाई टाळ्या विसरते.

आणि बूट घालून रस्त्यावर आले की लंगडते.

हे प्रथम सूनबाईंनी पाहिलं. मी मंडईतून येत होते, ती गाडीतून जात होती. थांबून विचारपूस करायची सोडून तिने मोबाइलवर माझी चित्रफीत काढली आणि ती मुलाला, त्याने ती डॉक्टरांना पाठवली. माझी पाठ आता निम्म्या गावाने पाहिली आहे.

मग मतं आली. डॉक्टर म्हणाले, "सवय! सांधा बदलला तरी मेंदू जुनीच चाल चालवतो. बऱ्याच जणांचं होतं. काही महिने जातात." सूनबाई म्हणाल्या, "आईंच्या मनात भीती आहे. मनाच्या डॉक्टरांना दाखवू या." चिरंजीव म्हणाले, "पुन्हा उघडून बघावं लागेल का?" जणू माझा खुबा म्हणजे घड्याळ. शेजारीण म्हणाली, "वजन कमी करा." तिला मी पुढच्या वेळी फळं सोलून खाऊ देणार नाही.

एवढ्या विद्वानांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, की मी जन्मभर डावीकडे झुकत चालले आणि आता उजवीकडे झुकते. सवय असती तर डावीकडे नसते का झुकले? मेंदू जुनी चाल चालवतो म्हणे. माझा मेंदू अजून डावं-उजवं ओळखतो. त्यांचं त्यांनी तपासून घ्यावं.

मी हे त्यांना सांगितलं नाही. विचारलं नाही तर मी कशाला सांगू?

तू विचारलंस म्हणून कळवते, हे बरे आहेत. सकाळी मागच्या खोलीत बसतात, तिथे ऊन येतं. सूनबाईंनी मला जे पांढरे, फुगलेले धावायचे बूट आणून दिले, ते त्यांनी हातात घेऊन दाबून बघितले आणि म्हणाले, "हा जोडा कुणी शिवला नाही. हा भट्टीत फुगवलाय." त्यानंतर दिवसभर खुशीत होते. मीही. मी ते बूट घालत नाही. ह्यांनी शिवलेले काळे जोडेच घालते, आणि त्याबद्दल मला सूनबाईंकडून ऐकून घ्यावं लागतं, "आई, ते जुने टाकून द्या ना." ह्या घरात काय काय जुनं आहे आणि त्यातलं काय काय टाकायचं, ह्याचा विचार तिच्या डोक्यात बराच पुढे गेलेला दिसतो.

तू लिहिलंस, "ताई, काहीतरी लपवते आहेस." शाळेतही तू असंच मदरकडे जाऊन सांगायचीस. मी काही लपवत नाही. कंबर दुखते, एवढंच. सत्तरी ओलांडलेल्या बाईची कंबर दुखणं ही बातमी नाही.

माहितीपत्रकाबद्दल पुन्हा विचारू नकोस.

तुझी,
ताई


२१ मे

धाकटे,

आशीर्वाद नंतर देते. आधी हे पत्र वाचून फाडून टाक. चिरंजीवांना ह्यातला एक शब्द कळला, तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही, आणि ह्या वेळी कायमची.

टाळीबाईने मला पकडलं. काल न सांगता घरी आली. म्हणाली, "दवाखान्यात सरळ, रस्त्यात तिरक्या. मला झोप लागत नाही. ते बूट दाखवा." मी म्हटलं, "माझे जोडे म्हणजे काय पुरावा आहे का?" तिने मला बाजूला सारून (होय, सारून!) डावा जोडा उचलला, आत हात घातला आणि बोटांनी आतलं अस्तर दाबत राहिली. मग उजव्यात घातला. मग माझ्याकडे बघितलं. "बाई, डाव्यात जाड पट्टी आहे."

तर हे आहे ते.

तुलाही कधी सांगितलं नाही, माझा डावा खुबा झिजायला लागला तसे हे माझ्या डाव्या जोड्यात, अस्तराखाली, कातड्याची पट्टी घालत आले. आधी कागदाएवढी, मग पोस्टकार्डाएवढी, शेवटी चांगली बोटभर. बाहेरून दिसायची नाही. कुणाला कळलं नाही की माझा पाय किती आखूड झालाय, मलासुद्धा नाही, इतकं ते वेळच्या वेळी करायचे. ऑपरेशननंतर पाय सारखे झाले. मी घरी आल्यावर त्यांना सांगितलं, "अहो, आता पट्टी नको. काढून टाका." ते म्हणाले, "बरं." आणि विसरले. मग मी एका सकाळी चोळीत ठेवलेली किल्ली काढली आणि स्वतः कपाट उघडून दिलं, पट्टी काढण्यापुरतं.

तिथेच चुकलं. हत्यारं दिसल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी लिहिणार नाही. तुला तसलं लिहिलेलं आवडतं आणि मला ते पुरवायचं नाही. त्यांनी पट्टी काढली नाही. जुनी खराब झाली म्हणून नवी घातली. तेव्हापासून कपाट रोज सकाळी उघडतं आणि चिरंजीव यायच्या आधी बंद होतं. मी शेजारी बसते. ते रापी चालवतात. एकदाही कापलेलं नाही. बुटांच्या वेळी अंगठा कापला तो अंधारात, पाहुणीच्या घाईने काम उरकायचं म्हणून. उजेडात, आपल्या पाटावर बसून, तो माणूस कातड्याचं साल काढील, बोटाचं नाही.

पण मी पट्टी घालून चालले की डावा पाय उंच होतो आणि मी उजवीकडे झुकते. हे मागून बघतात. त्यांची ती जन्माची पद्धत तुला माहीतच आहे. आपण दोघी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा माप घ्यायच्या आधी तो मुलगा मला म्हणाला होता, "बाई, पाठ करून चाला." मी म्हटलं, "मी इथे जोडे घ्यायला आले आहे, दाखवायला नाही." आणि तू रस्त्यापर्यंत खिदळत गेलीस. समोरून बघितलं की माणूस चाल सजवतो, पाठमोरा असला की पाय खरं बोलतात, असं त्याचं म्हणणं. पुढे मी त्याच्याशी लग्न ठरवलं, तेव्हा तू आईसमोर म्हणालीस, "ताई, जोडेवाला?" मी विसरलेले नाही. त्यांनी तुझ्या लग्नाला तुला जे उंच टाचांचे जोडे शिवून दिले, त्यांत तुझी पावलं पहिल्यांदाच बरी दिसली होती, हेही विसरलेले नाही.

तर हे मागून बघतात, मी तिरकी चालते हे त्यांना बरोबर दिसतं. नजर अजून तशीच आहे. पण डोक्यात एकच गोष्ट पक्की आहे, हिचा डावा आखूड. म्हणून ते आणखी एक थर वाढवतात. मी आणखी झुकते. ते आणखी एक वाढवतात.

मी पट्टी उचकटून काढून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांना ती कचऱ्यात सापडली. हातात घेऊन बसले. "माझं काम कुणी उचकटलं?" दिवसभर तेच. "गिऱ्हाईक बोललं असतं तर मी बदलून दिलं असतं. उचकटायचं कशाला?" मी पुन्हा काढली नाही.

हे सगळं टाळीबाईला सांगावं लागलं. मी आयुष्यात कुणाची मनधरणी केलेली नाही, तुझीही नाही. त्या टाळ्या पिटणाऱ्या पोरीची केली. ती ऐकून घेत होती आणि मागच्या खोलीतून हातोडीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बाई, कंबर आत्ताच दुखतेय. अशाच चाललात तर मणके जातील, आणि नवा सांधाही तिरका घासला जाईल. मोठ्या डॉक्टरांची तपासणी जुलैत आहे. ते एक्स-रे काढतील, कारण शोधतील, मला विचारतील. मी खोटं सांगणार नाही."

"मग काय सांगशील?"

"बुटात काय आहे ते. आणि कुणी घातलं ते."

म्हणजे चिरंजीवांना कळणार. म्हणजे कपाट जाणार, आणि कपाटामागोमाग हे. तुझ्या त्या हिरवळीवर. तिथे त्यांना खुर्चीत बसवून सांगतील, "आजोबा, हसा."

दुसरे जोडे घाल, असं तू म्हणशील. घातले. ज्यात माझा पाय गेला, त्यात दुसऱ्या सकाळी पट्टी गेली. चपलांतसुद्धा. सूनबाईंच्या त्या फुगीर बुटांतसुद्धा, आणि तेही शिव्या देत देत.

कंबर दुखते. पण मी कंबरेसाठी त्यांचे हात बांधून टाकू का, हे मला कुणा शहाण्याने सांगावं. तू सांगू नकोस. तू आधीच सांगितलं आहेस, चकचकीत कागदावर.

आता आशीर्वाद.

ताई


३० जुलै

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद, आणि ह्या वेळी मनापासून. तू चिरंजीवांना काही बोलली नाहीस. ते मला कळलं, कारण परवा तो इथे येऊन नेहमीइतकाच अज्ञानी होता. आभार मानत नाही. शाळेतल्या चहाड्या वजा जाता आपण आता बरोबरीत आलो, एवढंच.

तपासणी झाली. डॉक्टरांनी मला त्यांच्या लांब कॉरिडॉरमधून जोडे घालून चालायला लावलं. दोन्ही बाजूंना त्यांची शिकाऊ मुलंमुली उभी होती. मी चालले, धाकटे. डोक्यावर पुस्तक ठेवलं असतं तर हललं नसतं. डॉक्टर त्या मुलांना म्हणाले, "बघा, सवय गेली. मी म्हटलं होतं, मेंदूला वेळ द्या." सूनबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, भीती आहे. गेली." चिरंजीव म्हणाले, "पुन्हा उघडायला नको, असं मी म्हणतच होतो." कुणी काय म्हटलं होतं, ते मी सगळं ऐकलं होतं. मान डोलावली. माणसाला आपल्या मूर्खपणाचं श्रेय घेऊ द्यावं, त्याला दुसरं काही मिळत नाही. टाळीबाई कोपऱ्यात उभी होती. ती गालातल्या गालात हसत होती, तिला डॉक्टरांनी काही विचारलंच नाही.

झालं काय ते सांगते.

जूनच्या अखेरीस एका सकाळी मी पाटासमोर उभी होते. ह्यांच्या हातात माझा डावा जोडा, त्यात घालायला आणखी एक थर. मला एकदम इतका संताप आला, स्वतःच्या कंबरेचा, डॉक्टरांचा, तुझ्या हिरवळीचा, की मी उजवा जोडा काढून त्यांच्या पुढ्यात आपटला. म्हटलं, "हा कोण बघणार? सगळं डाव्याचंच चाललंय. उजवा कमी पडतो त्याचं काय?"

त्यांनी मान वर केली. "उजवा? उजव्याला काय झालंय?"

"डॉक्टरने डावा ओढून लांब केला. त्यात तुमची पट्टी. आता उजवा आखूड झाला. तुम्हाला दिसत नाही?"

खोटं काही नव्हतं त्यात, एक अक्षरही नाही. ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. मग डॉक्टरांना एक अस्सल शिवी घातली, जी मी इथे लिहीत नाही कारण मदर वर कुठेतरी वाचत असतील. म्हणाले, "कापायचं शिकवतात ह्यांना, माप घ्यायचं शिकवत नाहीत. गिऱ्हाइकाला उभं तरी करून बघायचं! दोन्ही जोडे घालून उभी राहा." मी उभी राहिले. गुडघ्यावर बसून त्यांनी माझ्या कंबरेवर दोन्ही बाजूंना अंगठे टेकले, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "खरं आहे तुझं. उजवा बोटभर कमी."

इतके दिवस मला सुचलं नाही. एवढ्या विद्वानांना बोल लावत बसले आणि स्वतः फक्त एकाच जोड्यातून पट्टी काढायचा विचार करत राहिले.

साचा कापायला त्यांना जाड कागद हवा होता. पाटाच्या आसपास शोधत होते. मी आत गेले आणि तुझं माहितीपत्रक आणून दिलं. फार छान कागद आहे. रापीखाली एका फटक्यात कापला गेला, आणि काम झाल्यावर तो साचाही त्यांनी पट्टीबरोबर आतच चिकटवला. माझ्या उजव्या पावलाखाली आता ती हिरवळ आहे, खुर्च्यांसकट. हसणारी माणसं टाचेकडे आली. पत्रकाचं काय झालं असं तू विचारत होतीस ना? हे झालं.

दोन्ही जोड्यांत सारखी पट्टी आहे. ते मधूनच डाव्यात एखादा थर वाढवतात, मी त्याच सकाळी उजवा पुढे करते. "ह्यालाही." ते कुरकुरतात, "डॉक्टरांनी पार बिघडवून ठेवलीय तुला," आणि वाढवतात. टाळीबाई दर आठवड्याला येऊन दोन्हींत बोटं घालून बघते आणि सारखं असलं की टाळी वाजवते. एकच. चिरंजीवांना मी एवढंच सांगितलं, की बाबा सकाळी माझ्या डोळ्यांदेखत, उजेडात, माझे जोडे सांभाळतात, आणि माझी चाल त्यामुळे सुधारली. पटत नसेल तर आपल्या डॉक्टरांना मला पुन्हा त्या कॉरिडॉरमधून चालवायला सांग. सगळ्यांपुढे ज्या चालीचं कौतुक झालं, तिला तो आता काय बोलणार? कपाटाची किल्ली कपाटालाच आहे.

इथे पत्र संपवणार होते. पण तू पुढच्या पत्रात पुन्हा "ताई, काहीतरी लपवते आहेस" म्हणून पिरपिर करशील, म्हणून राहिलेलं लिहिते.

उजवी पट्टी पहिल्यांदा बसवली, त्या सकाळचीच गोष्ट. मी दोन्ही जोडे घातले. ते पाटावरून म्हणाले, "पाठ करून चाला." चाला. मला वाटलं, जुनी सवय, तोंडातून आलं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि मागच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत चालत गेले. पाय सरळ पडत होते. लग्नाआधीसुद्धा मी अशी चालले नव्हते.

मागून आवाज आला, "झकास. तुमच्या पायात काही खोट नाही, बाई. कुणाकडून आलात?"

मी दाराशी थांबले. वळले नाही.

ते हत्यारं पुसत बोलतच होते, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, मोकळेपणाने. "आमच्या हिचं तसं नाही. हिचा डावा आखूड आहे. तिला वाटतं मला माहीत नाही तिला किती दुखतं ते. पण चाल अशी आहे, की शंभर पावलं वाजली तरी तिची कळते. येईलच आता. बसा तुम्ही."

मी एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी ऐकली आणि कधी मध्ये बोलले नाही. तेव्हाही बोलले नाही.

मग मी वळले आणि डावीकडे झुकत, जुन्या चालीने, एक पाऊल जड, एक हलकं, तशी परत खोलीत गेले. नवा सांधा कुरकुरला असेल तर कुरकुरू दे. पाटापर्यंत काही फार लांब नाही.

त्यांनी मान वर केली. "आलीस? अगं, आत्ताच एक बाई आल्या होत्या. काय सरळ चालतात!"

"असतील," मी म्हटलं. "मला काय त्यांचं."

"छे, तुझी सर नाही," असं म्हणून त्यांनी रापी जागेवर ठेवली.

तेव्हापासून बाहेर एक चाल आणि मागच्या खोलीत दुसरी. टाळीबाईला माहीत आहे. ती म्हणाली, तेवढ्याने काही होत नाही. हे तिने डॉक्टरांना विचारून सांगितलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवते.

आणि खबरदार, डोळे पुसत बसलीस तर. कागद ओला झालेला मला आवडत नाही. पुढच्या महिन्यात ये. येताना तुझे ते लग्नातले जोडे, अजून असतील तर, घेऊन ये. ह्यांना दुरुस्तीला काहीतरी हवं असतं, आणि सूनबाई आता बूट दारात काढत नाहीत. आलीस की ते तुला पाठ करून चालायला सांगतील. खिदळू नकोस. चाल.

तुझी,
गावात सरळ आणि घरात डावीकडे झुकणारी, पूर्वीपेक्षा बोटभर उंच,
ताई